खाली शिसं, वर गळ

"आजी, तुझ्या घराजवळ रिव्हर आहे ना? आई म्हणाली."

गेल्या ऑक्टोबरमध्ये व्हिडिओ कॉलवर नातवाने हे विचारलं तेव्हा मी मेथी निवडत होते. नातू म्हणजे लेकीचा मुलगा. वय वर्षं पंधरा, मुक्काम सेंट पॉल, मिनेसोटा. डिसेंबरच्या सुट्टीत तो तीन आठवडे एकटाच माझ्याकडे बोरिवलीला येणार होता. मी म्हटलं, "आहे की." ते खोटं नव्हतंच. आमच्या इमारतीपासून चालत दहा मिनिटांवर दहिसर नदी आहे. पण त्याचा पुढचा प्रश्न आला, "फिश आहेत?" तेव्हा मात्र "थांब हं, कुकरची शिट्टी झाली" म्हणून मी उठले. कुकर लावलेलाच नव्हता.

हा मुलगा मुळात कमी बोलतो. मराठी सगळं कळतं, पण उत्तर एका शब्दात. इंग्रजीतही फार बोलतो असं नाही, असं लेक सांगते. मासे धरण्याचा विषय निघाला की मात्र धरण फुटल्यासारखा बोलतो. बारा वर्षांचा असताना शेजारच्या आजोबांनी त्याला मिसिसिपीच्या काठावर नेलं आणि तेव्हापासून हे वेड लागलं. इथे येतानाही कपड्यांच्या बॅगेपेक्षा एका लांबट नळकांड्याची काळजी जास्त. त्यात चार तुकड्यांची काठी. विमानतळावरून येताना टॅक्सीत ते मांडीवर घेऊन बसला होता.

त्याचा आवडता मासा वॉलआय. मिनेसोटाने १९६५ साली हा आपला राज्यमासा ठरवला, आपला जसा शेकरू राज्यप्राणी आणि हरियाल राज्यपक्षी. नावातच 'आय' आहे, कारण या माशाची सगळी करामत डोळ्यांत. मांजराच्या डोळ्यांत असतो तसा उजेड परतवणारा एक पडदा त्याच्या डोळ्यात असतो. विजेरीचा झोत पडला की डोळे लखलखतात. त्यामुळे तिन्हीसांजेला आणि गढूळ पाण्यात जिथे छोट्या माशांना दिसत नाही तिथे याला दिसतं, आणि याचं जेवण तेव्हाच होतं. मी म्हटलं, आमच्या रायगडातल्या जिताड्याचे डोळेही असेच चमकतात, तुमचा वॉलआय त्याचा मावसभाऊ असेल. त्याने लगेच फोनवर शोधलं आणि "नो, आजी" असा निकाल दिला. दोघांची कुळं वेगळी. पण जिताडा या शब्दावर तो खूश झाला. दिवसभर "जिताडा, जिताडा" चाललं होतं.

तर हा मासा नदीत धरायचा कसा, हे त्याने मला समजावलं आणि आता मी तुम्हाला समजावते. चाळीस वर्षं शिकवल्यावर समजावून सांगण्याची खोड जात नाही. वाहत्या नदीत मासा ऐन धारेत उभा राहत नाही, दम लागेल त्याला. तो मोठ्या दगडाच्या, पुलाच्या खांबाच्या आडोशाला, किंवा जिथे जोराची धार आणि संथ पाणी एकमेकांना घासून जातात त्या शिवणीवर तळाजवळ थांबतो. धारेतून वाहत आलेलं खाद्य तिथून टिपायला बरं पडतं. आता नेहमीच्या पद्धतीत शिसं वर बांधतात आणि गळ दोऱ्याच्या टोकाला असतो. प्रवाहात हे सगळं फरफटत जातं, गळ चिखलात लोळतो नाहीतर दगडात अडकतो. 'ड्रॉप शॉट' म्हणजे याच्या उलट. शिसं दोऱ्याच्या अगदी शेवटी आणि गळ त्याच्या वर फूट-दीड फुटावर, दोऱ्यातच असा गाठवायचा की तो आडवा ताठ उभा राहील, टोक आकाशाकडे. शिसं तळाला बसतं, दोरा ताणलेला राहतो आणि आमिष माशाच्या तोंडासमोर तरंगतं. काठीचं टोक हलकेच थरथरवलं की आमिष नाचतं, पण जागा सोडत नाही. शिसं दगडांच्या फटीत अडकलंच तर त्याच्या चिमट्यातून दोरा निसटतो. शिसं गेलं तरी गळ वाचतो. अमेरिकेत ही पद्धत १९९० नंतरच्या दशकात जपानकडून आली म्हणे. तिथे ती बास नावाच्या माशासाठी वापरायचे, पुढे नदीतल्या वॉलआयसाठीही चालते हे लोकांच्या लक्षात आलं.

हे सगळं त्याने मला आमच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून दाखवलं! गळ काढून ठेवला आणि नुसतं शिसं खाली अंगणात सोडलं. "आजी, डोळे बंद कर. लाइनवर बोट ठेव." मी तर्जनी दोऱ्यावर ठेवली. शिसं टेकलं की टक् असं काहीतरी बोटाला कळायचं. थोडं उचलून पुढे टाकलं की वेगळं कळायचं. "हे सिमेंट. आता माती. आता?" मी म्हटलं, "पत्रा." खाली पाण्याच्या पंपावरचा पत्राच होता. त्याने टाळी दिली. वॉचमन वर बघून म्हणाला, "काय हरवलं का मॅडम?"

काही हरवलं नव्हतं. उलट, बोटाला ते टक् लागलं तेव्हा मला दादा आठवला. माझा थोरला भाऊ.

आम्ही दौलतनगरच्या बाजूला राहायचो. साठच्या दशकातलं बोरिवली म्हणजे वाड्या, विहिरी, भाताची खाचरं आणि मध्ये मध्ये घरं. दहिसर नदी तुळशी तलावाकडून यायची. हा तलाव १८७९ साली बांधलेला. तिथून डोंगर उतरून, तेव्हा ज्याला सगळे कृष्णगिरी उपवन म्हणायचे त्या जंगलातून ती बाहेर पडायची, श्रीकृष्णनगर, दौलतनगर, दहिसर गाव करत मनोरीच्या खाडीला मिळायची. सगळी मिळून बारा किलोमीटरांची नदी. पण आम्हा मुलांना केवढी वाटायची! पाणी स्वच्छ होतं, सिनेमावाले शूटिंगला यायचे इतकं. बायका धुणी आणायच्या, आम्ही डुंबायचो. पहिल्या पावसात वलगण लागायची. वलगण म्हणजे अंड्यावर आलेले मासे प्रवाहाच्या उलट चढून ओढ्यांत, खाचरांत शिरतात ते. लोक कंदील घेऊन रात्री शेतात उतरायचे. (आता जाणकार सांगतात की ते मासे धरू नका, एका मादीबरोबर हजारो अंडी जातात. बरोबरच आहे. पण तेव्हाच्या त्या कालवणाची चव काही विसरता येत नाही.)

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. बांबूची काठी, सुतळीपेक्षा जरा बरा दोरा, एका आण्याचा गळ. पावसाळा ओसरत आला की नदीला ओढ असायची. बाकीच्या मुलांचे गळ वाहून काठाला लागायचे. दादाने वडिलांच्या हत्यारांच्या पेटीतला एक जड नट घेतला, दोऱ्याच्या शेवटाला बांधला आणि गळ त्याच्या वर, एक वीत सोडून. नट तळाला बसायचा आणि गांडूळ वर हलत राहायचं. त्याचे मंत्र ठरलेले, "खाली वजन, वर गळ, बोट दोऱ्यावर आणि तोंड बंद." शेवटचा मंत्र माझ्यासाठी. शिंगटी, झिंगे, क्वचित एखादी मरळ. आम्ही मासे खाणारे असल्यामुळे घरी स्वागत व्हायचं, फक्त अभ्यासाच्या वेळेबद्दल बोलणी बसायची.

म्हणजे जपानी, अमेरिकी जे काय असेल ते असो, ड्रॉप शॉट मी दहा-बारा वर्षांची असताना दहिसर नदीत पाहिलेला आहे. तसं नातवाला सांगितलं. त्याने विचारलं, "शो मी द रिव्हर."

दाखवणं भाग होतं. सकाळी लवकर निघालो, उन्हाच्या आधी. पुलावरून त्याने खाली पाहिलं. दोन्ही बाजूंना उंच सिमेंटच्या भिंती, मध्ये काळं पाणी, प्लॅस्टिक, कडेने तबेल्यांचं शेण. वाचकांपैकी जे बोरिवली-दहिसरचे आहेत त्यांना जास्त वर्णनाची गरज नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा सगळे मिठी नदीबद्दल बोलले, पण ही आमची नदीही त्या दिवशी लोकांच्या घरात शिरली होती. त्यानंतर नदी रुंद करणं, भिंती बांधणं सुरू झालं. भिंतींमुळे पाणी आवरलं असेल. पण नदीकाठ नावाची गोष्ट राहिली नाही. उतरून पाण्यात पाय घालायचा म्हटलं तर कुठून उतरणार?

मला वाटलं होतं की तो हिरमुसेल, किंवा तिकडच्या मुलांसारखं "डिस्गस्टिंग" वगैरे म्हणेल. तो बराच वेळ कठड्याला टेकून बघत राहिला. मग म्हणाला, आमचीही अशीच होती. मला खरं वाटेना. मिसिसिपी आणि अशी? घरी येऊन त्याने सगळं सांगितलं, त्यांना शाळेत असतं ते. सेंट पॉल आणि मिनिआपोलिस या दोन्ही शहरांचं सांडपाणी कित्येक वर्षं थेट नदीत जात होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहराखालच्या पट्ट्यात मासे जवळजवळ उरले नव्हते. मग १९३८ साली सेंट पॉलला सांडपाणी शुद्ध करण्याचा कारखाना सुरू झाला. त्यानंतरही पावसाचं पाणी आणि मैला वेगळे करणं, कारखान्यांना वेसण घालणं यात पन्नासेक वर्षं गेली. आज त्याच पट्ट्यात तो वॉलआय धरतो. फक्त नियम असा, की फोर्ड धरणापासून खाली हेस्टिंग्जपर्यंत वॉलआय धरला तर लगेच सोडायचा, घरी न्यायचा नाही. म्हणजे या मुलाने तीन वर्षांत त्या नदीतला एकही मासा खाल्लेला नाही!

आपल्याकडेही महापालिकेने दहिसर, पोयसर, ओशिवरा या नद्यांच्या पुनरुज्जीवनाची कामं काढली आहेत. सांडपाणी अडवून शुद्ध करूनच नदीत सोडायचं, अशी योजना आहे. त्यांना जर पन्नास वर्षं लागली तर आपल्याला किती, हे गणित मी करत बसले नाही. माझं वय चौऱ्याहत्तर.

उद्यानात गेलो तिथे नदी अजून नदीसारखी दिसते, दगडांवरून वाहते. तिथल्या स्वच्छ डोहात त्याने बोटभर मासे शोधून काढले आणि उकिडवा बसून पाहत राहिला. पण राष्ट्रीय उद्यानात मासे धरायला बंदी, आणि असायलाच हवी. नळकांडं घरीच ठेवून गेलो होतो. मग एका शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून पवईला गेलो. तलावाकाठी महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशनचं ठिकाण आहे, गळ टाकणाऱ्या शौकीन मंडळींचं. १८९१ साली पिण्याच्या पाण्यासाठी हा तलाव बांधला, पण पाणी काही पिण्यालायक निघालं नाही. मासे मात्र रमले, आणि मगरीही. सभासदत्व वगैरेच्या गोष्टी होत्या, आम्ही नुसते बघायला गेलेलो. तिथेही या मुलाचं एकच म्हणणं. लेक आहे, करंट नाही. त्याला वाहतं पाणी हवं होतं. पवईचं पाणी भरून वाहतं ते मिठी नदीत, हे सांगितल्यावर तो उत्साहाने "मग तिकडे" म्हणाला. मी म्हटलं, "बाळा, एका सुट्टीत एवढं पुरे."

असो. खरं सांगायचं तर नदी कुठे आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. उल्हास नदी, बदलापूरला. पण बदलापूर म्हणजे दादा, आणि तिथे त्याला न्यावं की नाही याचा माझा विचार होत नव्हता.

दादा आता एक्याऐंशीचा. टेलिफोन खात्यात नोकरी झाली, १९९१ साली बदलापूरला स्वतःचं घर घेतलं. आमच्या घराण्यात त्याच्याइतकं बोलणारं माणूस झालं नाही. लग्नात त्याच्याभोवती घोळका असायचा. तीन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, पुढे काठी घेऊन थोडं चालू लागला, पण वाचा काही परतली नाही. समजतं सगळं. बोलायला जातो आणि शब्द सापडत नाही. तीन शब्द उरले, "हो", "नको" आणि "अगं". हे "अगं" माझ्यासाठी, सुनेसाठी, मुलासाठी, डॉक्टरांसाठीही. आधी आधी तो शब्दासाठी झगडायचा, घाम यायचा. नंतर ते सोडून दिलं. गेलं वर्षभर मी महिन्यातून एकदा जाते, शेजारी बसून इकडचं तिकडचं सांगते. थोड्या वेळाने तो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. वहिनी गेल्यापासून जास्तच. असं सगळं असताना, ज्या मुलाला मराठी धड बोलता येत नाही त्याला तिथे नेऊन बसवायचं? दोघांनाही शिक्षा. पण भाच्याचा फोन आला, "आत्या, त्याला आणल्याशिवाय परत पाठवायचं नाही." मग गेलो.

बोरिवलीहून दादर आणि दादरहून बदलापूर लोकल. गाडीत त्या नळकांड्याची चौकशी ठाण्यापर्यंत चालली. एकाला ती बासरी वाटली, एकाला नकाशा. मासे धरायची काठी म्हटल्यावर समोरचे गृहस्थ गंभीरपणे म्हणाले, "अमेरिकेहून उल्हास नदीत? तिथे मासे संपले का?"

उल्हास नदी राजमाचीच्या बाजूला डोंगरात उगवते, कर्जत, नेरळ करत बदलापूरला येते, पुढे कल्याणवरून खाडीला जाते. पावसाळ्यात तिचं रूप वेगळंच असतं. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ तिच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह अडकली होती, आठवत असेल. पण कोकणातल्या बाकी नद्या डिसेंबरात आटतात तशी ही आटत नाही. टाटांचं भिवपुरीचं वीज केंद्र १९२२ पासून चालू आहे. घाटावरचं पाणी डोंगरावरून खाली आणून वीज करतात, आणि वीज करून झालेलं पाणी याच नदीत सोडतात. म्हणून हिवाळ्यातही तिला धार असते. नातवाला हवी तशी.

जेवणं झाल्यावर भाचा, नातू आणि मी निघालो. दादाला "येतोस का?" असं मी नेहमीच्या सवयीने विचारलं. "हो," तो म्हणाला. भाचा माझ्याकडे बघायला लागला. कित्येक महिन्यांत दादा घराबाहेर पडलेला नव्हता. रिक्षात दादा, मी आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची, मागून दुचाकीवर हे दोघं.

काठावर धुणी चालली होती, पलीकडे म्हशी बसल्या होत्या. जुन्या दगडी कठड्याच्या आडोशाला पाणी मंदावत होतं. नातवाने पाच मिनिटं नुसती नदी पाहिली आणि बोट दाखवलं, "तिथे." काठी जोडली, शिसं बांधलं, गळाला रबराचा गुलाबी किडा लावला. पुढचा तासभर काहीही झालं नाही. थोड्या अंतरावर दोन मुलं कणकेच्या गोळ्यांवर चिलापी काढत होती, आणि आमच्या परदेशी सरंजामाकडे बघून हसत होती. नातवाचे कान लाल झाले, पण तो बोलला नाही.

दादा खुर्चीत चुळबुळ करायला लागला. "अगं. अगं." मला वाटलं ऊन लागतंय, मी खुर्ची सरकवायला गेले. "नको!" डाव्या हातातल्या काठीने तो ओली माती उकरत होता. मग माझी ट्यूब पेटली. "गांडूळ," मी भाच्याला म्हटलं. नातवाला गुलाबी किडा काढायला लावला. तो दोरा ओढून आणून खाद्य लावायला लागला, तर दादाने हात पुढे केला. दोरा मागून घेतला. डाव्या हाताचा अंगठा शिशावर ठेवला, करंगळी ताणली आणि जिथे करंगळी टेकली तिथे थांबला. वीत. नातवाचा गळ दीड फुटावर होता. मुलाने एकदा दादाच्या हाताकडे पाहिलं, एकदा गळाकडे, आणि काही न विचारता गाठ सोडून पुन्हा बांधली. करंगळीच्या जागी.

मग काठी त्याने दादाच्याच हातात दिली. फेकून आधी शिसं तळाला बसवलं आणि काठी खुर्चीच्या हातावर टेकवून दिली. दादाने तर्जनी दोऱ्यावर ठेवली. डोळे मिटले. कुणी सांगितलं नाही त्याला. नातू माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "आजी, ही नोज."

मी काही बोलले नाही. तोंड बंद, हा माझ्यासाठीचा मंत्र.

किती वेळ गेला कोण जाणे. म्हशी उठून गेल्या होत्या एवढं आठवतं. दादा एकदम म्हणाला, "आला."

अगदी स्वच्छ. अडखळणं नाही, झगडणं नाही. नातवाने झडप घालून काठीला हात लावला, दोघांनी मिळून ओढलं आणि वीतभर शिंगटी पाण्याबाहेर आली. तिच्या काट्याचा डंख मला माहीत आहे, रात्रभर ठणकतं. मी पदरात धरून गळ काढला. भाचा मात्र माशाकडे बघतच नव्हता. तो वडिलांच्या तोंडाकडे बघत होता.

पुढे एक छोटा वाद झाला. नातवाला सवयीने मासा सोडायचा होता. तो पाण्याकडे निघाला तसा दादा खुर्चीतून अर्धा उठला, "नको! नको!" पोरगं हातात मासा घेऊन उभं, कुणाचं ऐकावं कळेना. शेवटी मी पंच झाले. इथे तुझ्या सेंट पॉलचा नियम लागत नाही, म्हटलं, इथे मामाआजोबांचा लागतो. संध्याकाळपर्यंत अशा चार मिळाल्या, त्यातली एक फारच लहान होती ती दादाच्या परवानगीने सोडली. भाचेसुनेने चिंचेचा कोळ घालून कालवण केलं. नातवाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतः धरलेला नदीतला मासा खाल्ला. काट्यांमुळे पाऊण तास लागला. दादा समोर बसून त्याला एकेक काटा बाजूला कसा काढायचा ते डाव्या हाताने दाखवत होता.

उरलेले नऊ दिवस नातू बदलापूरलाच राहिला. माझ्याकडे सुट्टीला आलेला मुलगा! रोज दुपारी खुर्ची, काठी आणि दोघं नदीवर. एकाला भाषा येत नाही, एकाला शब्द येत नाहीत, काय करत होते कोण जाणे. भाचा सांगतो, हसण्याचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा.

शब्दाचं म्हणाल तर डॉक्टरांनी फार आशा लावू नका असं सांगितलं आहे, आणि तसंच आहे. पण "आला" राहिला. आता तो चौथा शब्द. दूधवाला आला, मुलगा आला, वीज गेली तरी "आला". भिंतीकडे तोंड करणं कमी झालंय असं भाचेसून म्हणते. मी गेले की मलाही "आला" म्हणतो. व्याकरण शिकवण्यात जन्म गेला, पण दुरुस्त करायला जीभ उचलत नाही.

नातू जाताना काठी घेऊन गेला, शिशाची पुडी आणि गळ मात्र दादाकडे ठेवून गेला. भाच्याने त्याला बांबूची काठी करून दिली आहे. परवा सकाळी भाच्याचा मेसेज आला. दादाने एका कागदावर डाव्या हाताने काहीतरी काढलं होतं, त्याचा फोटो. "आत्या, हे काय आहे? सारखं दाखवतायत आणि दाराकडे बोट करतायत." एक उभी थरथरती रेघ, मधे एका बाजूला आकडी, आणि शेवटी शाईचा ठिपका. मी लिहिलं, गळ संपले असतील, बाजारात जा आणि दुकानदाराला हा कागदच दाखव.

दुपारी उत्तर आलं. दुकानदाराने कागद उलटासुलटाही केला नाही. "कितीचा डझन देऊ?" एवढंच विचारलं.